आजचा आकडा

पारोळा मागे पडलं आणि धुळ्याची बस भर रस्त्यात धापा टाकत थांबली. ड्रायव्हरने दोनतीनदा किल्ली फिरवून पाहिली, मग हात जोडल्यासारखे स्टिअरिंगवर ठेवून दिले. कंडक्टर आतून ओरडला, "गाडी बंद पडी गई, बठ्ठा खाले उतरा. मांगली गाडीमा बसाडी देस."

सगळे उतरून मागच्या बसची वाट बघू लागले. सप्टेंबर संपत आला होता. परतीच्या पावसाची बारीक भुरभुर सुरू होती… भिजवणारी नाही, नुसती चष्म्यावर बसणारी. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे ओला काळा रस्ता. समीक्षाने ओढणी डोक्यावर घेतली आणि रस्त्याकडेच्या निंबाखाली जाऊन उभी राहिली. सोमवारची सकाळ, कॉलेजला उशीर ठरलेलाच. चिडून उपयोग नव्हता.

झाडाच्या दुसऱ्या अंगाला एक तरुण उभा होता. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, एका हातात पेन, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर तो आकडे लिहीत होता.

"एकशे सतरा… हां, पुढे? टिंब… सावकाश सांगा ना. नाही नाही, आधीचा पुन्हा वाचा…"

समीक्षाच्या मनात लगेच आलं, मटका. शर्ट इस्त्रीचा, डोळे तर फारच सालस, आणि सकाळी सकाळी हे धंदे. तिला उगाचच वाईट वाटलं. तेवढ्यात निंबाने एक जोरदार थेंबांची झोड खाली सोडली आणि तळव्यावरची सगळी शाई मनगटाकडे ओघळली. फोन ठेवून झाला होता. तो हाताकडे बघतच राहिला.

"गेलं," तो स्वतःशीच म्हणाला.

समीक्षाचं आयुष्य आकड्यांत गेलेलं. धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सगळ्या संगणकांचं जाळं ती सांभाळायची. कानावर पडलेले आकडे तिच्या डोक्यातून लवकर जात नसत. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, टिंबांसकट, सगळा आकडा घडाघडा म्हणून दाखवला.

तो चकित. "तुम्ही… ऐकत होतात?"

"तुम्ही ओरडतच होतात," ती म्हणाली. "लागला तर मलाही सांगा."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो हसला, आणि हसताना कानापर्यंत लाल झाला. "मटका नाही हो. घर आहे ते माझं."

मागून आलेल्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली आणि धुळे येईपर्यंत त्याने सगळं सांगितलं. त्याचं नाव प्रशील. गुराढोरांचा डॉक्टर, धुळे तालुक्यातल्या एका दवाखान्यात नेमणूक. घर सावद्याला. तिथे त्याचे वडील, आधारबाबा, एकटेच राहायचे. रेल्वेच्या मालधक्क्यावर उभं आयुष्य केळीच्या गाड्या भरून घेण्यात गेलेलं, आता निवृत्त. घरात दोन कॅमेरे होते, एक फाटकावर आणि एक बैठकीत. प्रशील धुळ्यातून फोनवर ते बघायचा. अडचण एवढीच की कॅमेरे जुने, आणि घराचा इंटरनेटवरचा पत्ता सारखा बदलायचा. आधारबाबांना रात्री झोपताना घरातले सगळे खटके बंद करायची सवय. त्यात राऊटरही बंद. सकाळी तो सुरू झाला की गावचा ब्रॉडबँडवाला घराला नवा पत्ता देणार. कायमचा पत्ता तो घरगुती गिऱ्हाइकांना देत नव्हता. मग रोज सकाळी प्रशील फोन करायचा, आधारबाबा मोबाईलवर नवा आकडा उघडून चष्मा लावून वाचायचे, आणि हा तो हातावर उतरवून घ्यायचा.

"रोज?" समीक्षाने विचारलं.

"रोज. आकडा नसला की घर सापडत नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं तेव्हा पहिल्यांदा. हसरा चेहरा होता, पण ते वाक्य हसण्यासारखं नव्हतं.

ती म्हणाली, यावर सोपा उपाय आहे. घराला एक नाव द्यायचं. पत्ता कितीही वेळा बदलू दे, राऊटर आपण होऊन त्या नावाखाली नवा पत्ता नोंदवेल. तुम्ही फक्त नाव लक्षात ठेवायचं.

दोनेक दिवसांनी ते देवपुरात एका चहाच्या दुकानात भेटले. त्या दिवसाचा आकडा त्याच्या हातावर होताच. तिने लॅपटॉप उघडला, सावद्याच्या राऊटरमध्ये शिरली, आणि एका जागी येऊन थांबली.

"नाव काय देऊ?"

त्याने चहाचा ग्लास टेबलावर गोल गोल फिरवला. "आईचं चालेल? लीला."

तिने ते लिहिलं. काही न विचारता. आणि बाहेर पडताना प्रशीलने एवढंच म्हटलं, की दुसरी कुणी असती तर लगेच विचारलं असतं, आई कुठे असते म्हणून.

समीक्षाचं घर जळगावला, प्रशीलचं त्याच्याही पुढे; मग शुक्रवारची संध्याकाळची जळगाव बस आणि सोमवारची सकाळची धुळे बस, या दोन्ही त्यांच्या झाल्या. जो आधी चढेल त्याने खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकायचा. प्रशील तिला गाईंच्या गोष्टी सांगायचा. कोणती गाय लाजते, कोणती मुद्दाम लंगडते… समीक्षाला आधी वाटायचं हा थापा मारतो, मग वाटायला लागलं, मारत असला तरी चालेल. एकदा एरंडोलजवळ तिचा डोळा लागला आणि डोकं त्याच्या खांद्यावर गेलं. जाग आली तेव्हा तो अगदी ताठ बसला होता, हात आखडून, फोन वाजत असूनही न उचलता.

"उठवायचं ना," ती ओशाळून म्हणाली.

"झोपलेल्या जनावराला उठवू नये असं आम्हाला शिकवतात."

"मी जनावर?"

"तुम्ही… तू नाहीस," तो म्हणाला, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांच्याही लक्षात आलं. मग बराच वेळ दोघंही खिडकीबाहेर बघत होती, एकाच खिडकीतून.

अशाच एका शुक्रवारी त्याने आईचं सांगितलं. लीलाबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या तेव्हा बाबा पेन्शनच्या कामासाठी भुसावळला गेलेले. त्या सकाळी प्रशीलने घरी फोन केला होता. पूर्ण रिंग वाजून बंद झाली. त्याला वाटलं, कपडे धूत असेल, करेल मग. तो गोठ्यांच्या फेरीवर निघून गेला. दुपारी शेजारच्या शेवंताबाईंना दार उघडं दिसलं म्हणून त्या आत गेल्या…

"मी फोन केला तेव्हा ती होती अजून," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं."

समीक्षाने त्याच्या हातावर हात ठेवला. बस पाळधीपर्यंत गेली तरी काढला नाही.

डिसेंबरात घर सापडेनासं झालं.

पहिल्यांदा दोनचार तास. मग अर्धा दिवस. मग एका शनिवारी अख्खा दिवस काहीच दिसेना. ब्रॉडबँडवाल्याने लाइन ठीक असल्याचं सांगितलं. बाबा ठीक असल्याचं शेवंताबाईंनी सांगितलं. पण प्रशीलला चैन पडेना, आणि नेमकी त्या आठवड्यात साक्रीकडे गुरांची लसीकरण मोहीम होती. सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. त्याने समीक्षाला फोन केला. ती सुट्टीसाठी जळगावला घरी आली होती. राऊटरच जळाला असेल, ती म्हणाली, मी उद्या जाऊन बदलून येते. तो नको नको म्हणत राहिला, पण त्या नको म्हणण्यात किती हायसं वाटणं होतं ते तिला ऐकू येत होतं.

रविवारी ती एक जादा राऊटर पिशवीत टाकून निघाली. भुसावळ, तापीचा पूल, फैजपूर, आणि मग दोन्ही हातांना केळीच केळी. सावद्याला उतरून विचारत विचारत घर गाठलं. अंगण झाडून सारवलेलं. दारात पांढऱ्या केसांचा उंच माणूस, सदऱ्याची सगळी बटणं लावलेला. तिने जयभीम केला आणि मी प्रशीलची मैत्रीण, इंटरनेट बघायला आले, असं सांगितलं. आधारबाबांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आधी हातपाय धुवायला पाणी दिलं.

बैठकीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लीलाबाईंचा फोटो होता. त्याखाली फळीवर राऊटर. त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल घातलेला, आणि त्याची वायर भिंतीतून काढून, व्यवस्थित गुंडाळी करून, वर रबर लावून ठेवलेली.

समीक्षा ती गुंडाळी हातात घेऊन उभी राहिली. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"काका," ती दारात जाऊन म्हणाली, "वायर तुम्ही काढली?"

"हो." त्यांनी मान वर केली नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, कडेने फिरवली. मग म्हणाले, "बस. खाऊन घे पहिले."

ती तिथेच भिंतीला टेकून बसली. ठेचा, भाकरी, वर कच्चं तेल. दोन घास झाले आणि ते आपणहून बोलायला लागले.

"पहिले रोज सकाळी पोऱ्याचा फोन यायचा. आकडा वाचा म्हणे. मी चष्मा लावून वाचायचो. एखादा आकडा मुद्दाम चुकवायचो, म्हणजे तो पुन्हा वाचा म्हणे. तेवढ्यात मी विचारून घ्यायचो, जेवला का, कोणत्या गावाले चालला, थंडी आहे का तिकडे." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "आता आकडा कोन मागते?"

समीक्षाचा घास हातातच राहिला.

"ते मी केलं, काका," ती म्हणाली. "आपोआप व्हायची सोय. मी करून दिली."

"तू केली?" त्यांना खरंच कौतुक वाटलं. "चांगलं केलं. त्याचा रोजचा त्रास वाचला."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच तिला ते ऐकवेना.

"वाटलं, बंद पडलं तर पोऱ्या फोन करीन," ते पुढे म्हणाले. "केला त्यानं. दिवा हिरवा आहे का लाल, एवढं विचारलं आन ठेवला." ते थोडे हसले. "रविवारी घरी येते, तेव्हा बी कॅमेरेच तपासते. तो मले पाहते, मले माहीत आहे. खुर्चीत बसलो की मी त्या कॅमेऱ्याकडे पाहून हात करतो. पन त्याचा हात मले थोडी दिसते?"

जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच वायरचं रबर काढलं आणि तिच्या हातात दिली. लाव म्हणाले, पोऱ्याचा जीव टांगणीला नको. आणि त्याले काही सांगू नको, त्याले वाटीन आपलंच चुकलं. तिने वायर लावली. दिवे एकेक करून लागले. निघताना त्यांनी केळ्यांची फणी तिच्या पिशवीत घातली, आणि पुढच्या खेपेला येशील तेव्हा राऊटर आणू नको, नुसतीच ये, असं म्हटलं.

परतीच्या बसमध्ये प्रशीलचा मेसेज आला. दिसले बाबा, तू जादूगार आहेस. समीक्षाने तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. आधारबाबांनी सांगू नको म्हटलं होतं. न सांगणं तिला जमणार नव्हतं. आणि सांगितलं तर ज्या माणसाला आधीच एका न उचललेल्या फोनचं ओझं आहे, त्याच्या पाठीवर आणखी एक ठेवायचं… तापी ओलांडताना तिला कळून चुकलं की आपल्याला या माणसाचं फार वाटतं. नाहीतर इतकं जड गेलं नसतं.

तिने सोमवारी संध्याकाळी त्याला पांझरेच्या पुलावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. शब्दाला शब्द, हात करण्यापर्यंत.

प्रशील कठड्याला धरून उभा होता. खाली नदीत पाणी थोडं, वाळू जास्त.

"मी दिवसातून किती वेळा बघतो त्यांना, तुला माहीत नाही," तो म्हणाला.

"बघतोस. बोलत नाहीस."

"आईचं काय झालं ते माहीत असून तू हे म्हणतेस?"

"माहीत आहे म्हणूनच म्हणते. त्यांना तुझा पहारा नको आहे, प्रशील. तू हवा आहेस."

तो तिच्याकडे न बघताच निघून गेला. आणि त्या शुक्रवारी बसमध्ये कुठल्याच सीटवर रुमाल नव्हता. सोमवारीही नव्हता. समीक्षा खिडकीशी बसली, शेजारी कधी एखादी भाजीवाली मावशी, कधी कुणी परीक्षेला निघालेला विद्यार्थी. कपाशी वेचून झाली होती, शेतं उघडी पडली होती. आपण बरोबर बोललो याची तिला खात्री होती, आणि त्या खात्रीचा काडीचाही उपयोग होत नव्हता. फोन हातात घेऊन ती त्याचं नाव बघायची, आणि ठेवून द्यायची. घरी आईने, प्रमिलाबाईंनी, एकदोनदा विचारलं, काय गं, जेवत नाहीस धड. ती म्हणाली, थंडी आहे.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ती धुळे स्टँडवर बसमध्ये चढली तर तो मागच्या सीटवर होता. वाळलेला, दाढी वाढलेली. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. बस सुटून गावाबाहेर आली.

"कॅमेरा काढला," तो म्हणाला. "बैठकीतला. फाटकावरचा मात्र, बाबा म्हणाले, राहू दे, शेवंताबाईंच्या बकऱ्या दिसतात."

तिला हसू आलं. तोही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. मग हळूहळू त्याने सांगितलं. तो रोज फोन करतो आता. पहिले काही दिवस फार अवघड गेलं. जेवलात का, हो, थंडी आहे का, हो, आणि मग नुसता श्वास ऐकू यायचा दोन्हीकडून. त्याचं त्यालाच तेव्हा कळलं, की फोनची रिंग वाजायला लागली की त्याच्या छातीत धडधडायचं. आईला केलेल्या त्या फोनपासून. आकडा मागायचा असला की सोपं जायचं. आकड्याचं काम संपलं आणि बोलायला काही उरलंच नाही असं वाटायला लागलं. मग एके दिवशी बाबांनीच विषय काढला, तुझी आई मालधक्क्यावर डबा घेऊन यायची तेव्हा… आणि ते बोलतच राहिले. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. आई गेल्यापासून बापलेक तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते.

"मी तुझ्यावर चिडलो नव्हतो," तो म्हणाला. "तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती."

"मला वाटलं, संपलं," समीक्षा म्हणाली.

त्याने तिचा हात घट्ट धरला. एरंडोल गेलं. मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. त्याने बदलीचा अर्ज केला होता, रावेर तालुक्यात, घरून जाऊन-येऊन करता येईल अशा दवाखान्यात. अर्ज मंजूर झाला होता. ही त्याची धुळ्याहून शेवटची शुक्रवारची बस.

तिने हात सोडवून घेतला नाही. पण बाहेर बघायला लागली. बरोबरच होतं सगळं. तिनेच तर सांगितलं होतं, त्यांना तू हवा आहेस. पण बरोबर असणाऱ्या गोष्टी तिला या हिवाळ्यात फार महाग पडत होत्या.

"समीक्षा," तो म्हणाला. "धुळ्यात माझं बाकी काही राहिलेलं नाही. फक्त तू. तू धुळ्यात राहा, जळगावात राहा, तुझी नोकरी तू कर. मी येत जाईन, तू येत जा. पण लग्न करशील का माझ्याशी?"

पाळधी आलं, गेलं. महामार्गावरचे दिवे लागले. तो वाट बघत होता, आणि नंतर नंतर वाट बघणंही त्याने दिसू दिलं नाही. जळगाव स्टँडवर दोघं उतरली. तो भुसावळच्या फलाटाकडे वळला तेव्हा ती म्हणाली, "तिकडे कुठे? चल." तिने रिक्षा थांबवली. तो बसला. कुठे जायचं ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

रिक्षा एका गल्लीत निळ्या फाटकाशी थांबली. समीक्षाने बेल वाजवली. आत तव्यावर काही चरचरत होतं. प्रशील पायरीवर वाकून बुटाची नाडी सोडत होता, एक बूट निघाला होता, दुसऱ्याची गाठ बसली होती.

प्रमिलाबाईंनी दार उघडलं. हातात उलथनं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग पायरीवर वाकलेल्या दाढीवाल्या अनोळखी माणसाकडे.

"कोण गं हे?"

"आई, हा प्रशील," समीक्षा म्हणाली. वाटभर तिने खूप काही जुळवून ठेवलं होतं, सावकाश, क्रमाने सांगायचं. त्यातलं काहीच आठवेना. "मी याच्याशी लग्न करणार आहे."

प्रशीलने वर पाहिलं. नाडी हातात तशीच. हे उत्तर तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

प्रमिलाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. आतून करपल्याचा वास आला तशा भानावर आल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "आधी त्याला दुसरा बूट तर काढू दे."